एकदा ऐकलं की सुटका नाही

रॉन रायडनहावर हे नाव तुम्ही ऐकलं आहे का? सध्या भेटेल त्याला मी हाच प्रश्न विचारत सुटले आहे. बहुतेक जण नकारार्थी मान हलवतात, आणि मग मी त्यांना बसवून घेऊन पहिल्यापासून सांगायला लागते. माय लाय पुष्कळांना माहीत असतं. व्हिएतनाममधलं ते गाव, अमेरिकन सैनिकांनी केलेली ती कत्तल, पायवाटेवर एकमेकांवर पडलेल्या बायकामुलांचा तो फोटो. पत्रकारितेत रस असलेल्यांना ती बातमी फोडणारा सिमूर हर्शही माहीत असतो. पण ही हकीकत हर्शपर्यंत पोचण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी ती एकेका माणसाकडून गोळा केली होती, पडताळली होती, कागदावर उतरवली होती आणि वॉशिंग्टनमधल्या बड्या मंडळींच्या टेबलांवर नेऊन ठेवली होती. हे करणारा माणूस पत्रकार नव्हता, वकील नव्हता, पोलीसही नव्हता. लष्करातून नुकताच सुटून घरी आलेला बावीस वर्षांचा साधा सैनिक होता तो! पुढे त्यानं शोधपत्रकारितेलाच वाहून घेतलं. १९९८ मध्ये, अवघ्या ५२ व्या वर्षी तो गेला. आणि मला तो आत्ता कुठे भेटतो आहे.

भेटला तो त्याच्या पत्रातून. माय लायवर वाचता वाचता २९ मार्च १९६९ ही तारीख असलेलं त्याचं पत्र समोर आलं, आणि त्या रात्री मी ते वाचलं, संपलं की पुन्हा वाचलं, मग पेन्सिल घेऊन वाचलं. कत्तलीचं वर्णन वाचून पोटात कालवलं, हे तर झालंच. पण त्या भयंकर मजकुराच्या आतून एक विलक्षण शिस्त दिसायला लागली, आणि तिनं मला झपाटलं. हे कुणी सांगितलं, कधी सांगितलं, सांगणाऱ्यानं स्वतः पाहिलं होतं की त्याच्याही कानावर आलं होतं, यातलं काहीही त्यानं एकमेकांत मिसळू दिलेलं नाही. एवढ्या रागात असलेला, एवढा तरुण माणूस इतकं काटेकोर लिहू शकतो? हे पत्र त्यानं कसं जमवलं, हे शोधायला गेले आणि एक अख्खं आयुष्य हाती लागलं.

आधी त्या दिवसाकडे जाऊ. १६ मार्च १९६८. दक्षिण व्हिएतनामच्या क्वांग न्गाई प्रांतातलं सॉन मी हे गाव. गावाच्या अनेक वाड्या, त्यातल्या एका वाडीला अमेरिकन नकाशांवर ‘माय लाय ४’ म्हटलेलं. या परिसराला सैनिकांनी ‘पिंकव्हिल’ असं टोपणनाव ठेवलं होतं. सकाळी चार्ली कंपनीचे सैनिक हेलिकॉप्टरमधून उतरले. शत्रूची कडवी तुकडी दबा धरून बसलेली असेल, असं त्यांना आदल्या दिवशी सांगण्यात आलं होतं. प्रत्यक्षात तिथे होते म्हातारेकोतारे, बायका आणि मुलं. सैनिकांवर कुणी गोळीबार केला नाही. तरीही पुढचे काही तास सैनिक मारत राहिले. घरांत, पायवाटांवर, पाण्याच्या चरात माणसं लोटून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सॉन मीच्या स्मारकावर आज ५०४ नावं आहेत. अमेरिकन लष्कराच्या स्वतःच्या तपासातला आकडा ३४७ आहे.

आणि त्या दिवशी लष्करानं जाहीर काय केलं? शत्रूचे १२८ ठार, हत्यारं जप्त तीन. हा हिशेब पुन्हा वाचा. १२८ लढवय्ये मारले गेले आणि त्यांच्याकडे मिळून बंदुका तीन! कुठल्याही अधिकाऱ्यानं हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले असते, तरी प्रश्न पडायला हवा होता. ह्यू थॉम्पसन नावाच्या हेलिकॉप्टर वैमानिकानं तर त्याच दिवशी वरिष्ठांकडे तक्रार केली होती. पळणारे गावकरी आणि त्यांच्या मागे लागलेले अमेरिकन सैनिक यांच्या मधोमध त्यानं हेलिकॉप्टर उतरवलं होतं आणि काही जीव वाचवले होते. त्या तक्रारीचं काय झालं? चार्ली कंपनीच्या ब्रिगेडचा प्रमुख कर्नल हेंडरसन यानं चौकशीचा सोपस्कार केला आणि २४ एप्रिल १९६८ च्या अहवालात लिहिलं की वीसेक नागरिक चुकून मारले गेले. झालं, प्रकरण मिटलं. कागदोपत्री माय लाय तिथे कायमचं गाडलं गेलं.

आणि आता जुळून येणारी गोष्ट पाहा. त्याच एप्रिलच्या अखेरीस, म्हणजे वरच्या मंडळींनी फाईल बंद केली त्याच सुमारास, खाली एका साध्या सैनिकाच्या कानावर पहिल्यांदा ‘पिंकव्हिल’ हा शब्द पडला.

रायडनहावर ॲरिझोनातल्या फिनिक्सचा. १९६७ मध्ये सक्तीच्या भरतीत लष्करात आला. हवाई बेटांवरच्या स्कोफील्ड बॅरॅक्समध्ये ११ व्या ब्रिगेडबरोबर त्याचं प्रशिक्षण झालं. शत्रूच्या मुलखात खोलवर शिरून टेहळणी करणाऱ्या तुकडीसाठी निवडलेल्या पोरांत तो होता. डिसेंबरमध्ये ब्रिगेड व्हिएतनामला पोचली, ती तुकडी मोडली आणि पोरं पांगली. रायडनहावर टेहळणीच्या छोट्या हेलिकॉप्टरवर गेला. उघड्या दारात मशीनगन घेऊन बसायचं आणि खालच्या जमिनीवर नजर ठेवायची, हे त्याचं काम. त्याचे काही दोस्त मात्र चार्ली कंपनीत गेले.

एप्रिलच्या अखेरीस यातलाच एक दोस्त त्याला भेटला. पुष्कळ दिवसांनी भेटलेले दोन सैनिक काय बोलतील तेच बोलणं चाललं होतं: कुठे होतास, काय पाहिलंस. बोलता बोलता दोस्तानं विचारलं, आम्ही पिंकव्हिलमध्ये काय केलं ते ऐकलंस का? आणि त्यानं सांगितलं. गावच्या गाव मारलं.

त्या सांगण्यातला एक प्रसंग रायडनहावरनं पत्रात जसाच्या तसा उतरवला आहे. वाटेच्या कडेला तीन-चार वर्षांचा एक मुलगा उभा. त्याच्या दंडाला गोळी लागलेली. दुसऱ्या हातानं त्यानं जखम दाबून धरलेली आणि बोटांच्या फटींतून रक्त झिरपतंय. तो रडत नाही, पळत नाही, नुसता बघत उभा आहे. काय झालंय हेच त्याला उमगलेलं नाही. मग कॅप्टनच्या बरोबरच्या वायरलेसवाल्या सैनिकानं त्याच्यावर रायफल चालवली. एवढंच. पत्रात या प्रसंगावर एकही विशेषण नाही, हळहळ नाही, शिव्याशाप नाहीत. सांगणारा सैनिक विसरू शकला नाही अशी एक गोष्ट आहे, आणि ऐकणाऱ्यानं ती आपल्या पदरचं काहीही न घालता पुढे ठेवली आहे. मी त्या परिच्छेदावर किती वेळ थांबले होते, मलाच माहीत.

आता रायडनहावरच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. हे ऐकल्यावर माणूस काय करेल? ओरडेल, वरिष्ठांकडे धावेल, किंवा कानांवर हात ठेवून विसरायचा प्रयत्न करेल. रायडनहावरनं चौथाच मार्ग धरला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आपला पूर्ण विश्वास बसला नव्हता, असं तो पत्रात स्वच्छ लिहितो. म्हणून त्यानं ठरवलं, खरं काय ते शोधायचं. तेही हेलिकॉप्टरच्या दारात बसून, युद्धाच्या ऐन मध्यावर, ज्यांच्यावर आरोप ठेवायचा त्यांच्याच छावणीत राहून! हातात कुठलाही अधिकार नव्हता. होते फक्त दोन कान आणि जुनी ओळख.

मी सातारा जिल्ह्यातली. आमच्याकडे घराघरांत फौजी. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर सगळे अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. सुट्टीवर आलेल्या काका-मामांच्या गप्पा ऐकत आम्ही मोठे झालो. पलटणीतला जोडीदार सख्ख्या भावाच्याही वरचा असतो, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. ज्याच्यासोबत बंकरमध्ये रात्र काढली, ज्यानं पाठीवर टाकून आणलं, त्याच्याबद्दल वाकडा शब्द बाहेर काढायचा नाही, हा त्या जगाचा पहिला कायदा. त्यामुळे रायडनहावरनं काय पेललं असेल, याची मला थोडीफार कल्पना येते. त्याला जे सांगत होते ते त्याचे जिवलग होते. ते खोटं बोलत नव्हते आणि ते राक्षसही नव्हते. ते सांगत होते, कारण त्यांनाही ते आत ठेवून जगता येत नव्हतं. तो ऐकत राहिला. एकाला विचारलं, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. दुसऱ्याची हकीकत पहिल्याशी जुळते का ते ताडून पाहिलं.

काही आठवड्यांनी तो पुन्हा एका टेहळणी तुकडीत गेला. तिथे चार्ली कंपनीतून आलेले आणखी दोघे होते. त्यांच्याकडून कळलं की कत्तलीच्या दिवशी दुपारी ते जेवायला बसले होते आणि शेजारी पडलेल्यांमधून अजून कण्हण्याचे आवाज येत होते. यांना वैद्यकीय मदत मिळणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. मग ते उठले आणि जे जिवंत होते त्यांना त्यांनीच संपवलं. हे सांगणारा रायडनहावरचा मित्र होता! पुढे एक सार्जंट भेटला. एका लेफ्टनंटनं गावकऱ्यांचे घोळके करून त्यांना मशीनगननं कसं मारलं, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

१९६८ सरत आलं तरी रायडनहावरला एक साक्षीदार हवाच होता. त्याच्या मनात एक रास्त भीती होती. उद्या चौकशी लागली आणि या सगळ्यांनी शब्द फिरवला तर? जे स्वतः त्यात होते, ते स्वतःविरुद्ध कशाला बोलतील? जो तिथे होता, पण ज्यानं हात रंगवले नाहीत, असा कुणीतरी हवा होता. असा एकजण असल्याचं त्यानं ऐकलं होतं: मायकेल बर्नहार्ट. त्यानं त्या दिवशी गोळी झाडायला नकार दिला होता. बर्नहार्ट इस्पितळात आहे असं कळल्यावर रायडनहावर त्याला गाठायला गेला. आणि विचारलं: मी हे बाहेर काढलं, तर तू खरं बोलशील? बर्नहार्ट म्हणाला, बोलेन.

तपासाच्या अनेक गोष्टी मी वाचल्या आहेत, पण इतकी साधी आणि इतकी निर्णायक भेट मला दुसरीकडे सापडलेली नाही. आजारी पडलेला एक सैनिक आणि त्याच्यासमोर दुसरा. साक्षीला कोणी नाही, सह्या नाहीत, शपथ नाही. एकानं विचारलं, दुसऱ्यानं शब्द दिला. पुढे जे काही उलगडलं, त्याचा फार मोठा भार या शब्दानं पेलला.

डिसेंबरमध्ये रायडनहावर घरी परतला. आपल्या मनात काय आहे ते त्यानं मित्रांना, घरच्यांना सांगितलं. बहुतेकांचं म्हणणं एकच: कशाला नसती लफडी, विसरून जा, तुझं आयुष्य पुढे आहे. त्याला धीर दिला तो त्याच्या शाळेतल्या एका जुन्या शिक्षकानं. त्यानं सुचवलं, पत्र लिही. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या, सदस्यांना लिही. या गोष्टीतला हा शिक्षक मला फार आवडतो. पोरगं संकटात आहे, त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी प्रचंड आहे, आणि त्याला लिहिता येतं, हे त्या शिक्षकानं ओळखलं.

आणि मग ते पत्र! मला अक्षरशः बोट ठेवून दाखवायचं आहे त्यात काय काय आहे. सुरुवातीलाच तो सांगतो की मी हे पहिल्यांदा कधी ऐकलं आणि ऐकलं तेव्हा मला शंका होती. मग एकेक साक्ष घेतो. कुणी सांगितलं, त्याची माझी ओळख कुठली, भेट साधारण कधीची, तो कुठल्या कंपनीत होता. एका जागी तो त्या लेफ्टनंटचं नाव देतो. खरं नाव विल्यम कॅली. पण रायडनहावरनं ते नुसतं कानानं ऐकलेलं, कुठे लिहिलेलं पाहिलेलं नाही. म्हणून त्यानं इंग्रजी ‘सी’ऐवजी ‘के’नं सुरू होणारं नाव लिहिलं आणि लगेच तिथेच नोंद केली की स्पेलिंग चुकीचं असू शकतं. शेकडो माणसं मारल्याचा आरोप करणाऱ्या पत्रात स्पेलिंगबद्दलची ही एवढी काळजी! पण तिच्यामुळेच वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. जो माणूस एका अक्षराबद्दलची शंकाही झाकत नाही, तो बाकीचं रचून सांगत नसणार.

आणखी एक जागा आहे. कत्तलीनंतर संध्याकाळी कंपनीचा प्रमुख कॅप्टन मेडिना बर्नहार्टकडे आला आणि त्यानं बजावलं की आपल्या काँग्रेस सदस्याला पत्र लिहिण्यासारखा काही मूर्खपणा करू नकोस. हे बर्नहार्टनं रायडनहावरला सांगितलं आणि रायडनहावरनं ते पत्रात घातलं. म्हणजे ज्या पत्राची धास्ती कॅप्टनला त्या संध्याकाळीच वाटली होती, तेच पत्र वर्षभरानं काँग्रेस सदस्य हातात धरून वाचत होते, आणि त्यात ही धास्तीही नोंदवलेली होती! इथे मी खुर्चीतून उठून येरझाऱ्या घालायला लागले.

शेवटाकडे तो कबूल करतो की त्या दिवशी नेमकं काय घडलं हे मला ठामपणे माहीत नाही, पण काहीतरी अतिशय काळं घडलं याबद्दल माझी खात्री आहे. आणि मग मागणी एकच: सखोल आणि जाहीर चौकशी करा. वृत्तपत्रांकडे जायचा विचार मनात आला होता, पण आधी काँग्रेसनं पाऊल उचलणं योग्य वाटतं, हेही तो लिहितो. आपल्या देशाच्या व्यवस्थेवर त्याचा विश्वास होता. ती शरमेनं का होईना, हलेल असं त्याला वाटत होतं.

पत्राच्या तीस प्रती निघाल्या. काँग्रेस सदस्य, पेंटागॉन, खुद्द अध्यक्ष निक्सन. बऱ्याच ठिकाणी त्या नुसत्या पडून राहिल्या. पण ॲरिझोनाचे प्रतिनिधी मॉरिस युडॉल यांच्या कार्यालयानं ते गांभीर्यानं घेतलं आणि संरक्षण खात्याच्या मागे तगादा लावला. एप्रिल संपायच्या सुमारास लष्कराच्या महानिरीक्षकांच्या कार्यालयातला कर्नल विल्यम विल्सन फिनिक्सला येऊन रायडनहावरला भेटला. मग त्यानं पत्रातलं एकेक नाव धरून देशभर प्रवास केला आणि एकेक साक्ष नोंदवली. रायडनहावरनं लिहिलेलं खरं निघत गेलं. बर्नहार्टनं दिलेला शब्द पाळला.

५ सप्टेंबर १९६९ रोजी, सेवेतून मुक्त व्हायच्या अगदी तोंडावर, कॅलीवर खुनाचे आरोप ठेवले गेले. लष्करानं ते शक्य तितकं गुपचूप केलं. इकडे रायडनहावर अस्वस्थ होत होता. सगळं एका लेफ्टनंटच्या माथी मारून मोकळे होतील, ही शंका त्याला आधीपासून होती. नोव्हेंबरमध्ये सिमूर हर्शनं कॅलीला शोधून काढलं आणि १३ नोव्हेंबरला त्याची पहिली बातमी अमेरिकेतल्या अनेक वृत्तपत्रांत झळकली. त्यानंतर हर्श गेला तो थेट कॅलिफोर्नियात कॉलेजात शिकणाऱ्या रायडनहावरकडे. रायडनहावरनं जपून ठेवलेली माणसं त्याच्यापुढे केली. २० नोव्हेंबरला आलेल्या पुढच्या बातमीत ते सैनिक स्वतः बोलले. त्याच दिवशी क्लीव्हलंडच्या ‘प्लेन डीलर’मध्ये लष्करी छायाचित्रकार रॉन हेबर्लीचे फोटो छापून आले. आता नाकारायला जागाच उरली नाही.

पण रायडनहावरची शंकाही खरी ठरली. जनरल पीअर्सच्या चौकशीत वरपर्यंत गेलेली लपवाछपवी उघड झाली, अनेकांवर आरोप ठेवले गेले, आणि शेवटी दोषी ठरला एकटा कॅली. तो दिवस होता २९ मार्च १९७१. रायडनहावरच्या पत्राला बरोब्बर दोन वर्षं झाली होती! जन्मठेपेची शिक्षा झाली, मग ती कमी होत गेली आणि कॅली साडेतीनेक वर्षं, तीही बहुतांश घरातल्या नजरकैदेत राहून सुटला. मेडिना निर्दोष सुटला. हेंडरसन निर्दोष सुटला.

इथे दुसरा कुणी असता तर हताश होऊन घरी बसला असता, किंवा मिळालेल्या प्रसिद्धीवर आयुष्य काढलं असतं. रायडनहावरनं पत्रकारितेचं काम हाती घेतलं. एकट्यानं ऐकत, ताडून पाहत, नोंदवत जे कौशल्य त्याच्या अंगात मुरलं होतं, तेच त्यानं धंदा म्हणून पत्करलं. पुढे तो न्यू ऑर्लिन्समध्ये स्थिरावला. १९८७ मध्ये त्याला स्थानिक बातमीदारीसाठी जॉर्ज पोल्क पुरस्कार मिळाला. कशासाठी, माहीत आहे? तिथल्या एका स्थानिक नियतकालिकासाठी त्यानं वर्षभर खपून शहरातला एक कर घोटाळा बाहेर काढला होता. हे वाचलं आणि मला तो पूर्ण कळला. ज्यानं विसाव्या शतकातल्या भयंकर कत्तलींपैकी एक उघडकीला आणली, त्याला महापालिकेच्या करांचा हिशेब क्षुल्लक वाटला नाही! वर्षभर आकड्यांत डोकं घालून बसायला तो तयार होता. अधिकाऱ्यांचे कागद एक सांगतात आणि जमिनीवर दुसरंच असतं, हे त्यानं १२८ ठार आणि तीन हत्यारांच्या हिशेबापासून शिकून घेतलं होतं. त्याच्या लेखी लपवणूक म्हणजे लपवणूक, मग ती जंगलातली असो की कर कचेरीतली.

माय लायबद्दल बोलणं त्यानं कधी थांबवलं नाही. हा एका माथेफिरू लेफ्टनंटचा प्रकार नव्हता, वरून आखलेल्या मोहिमेचा आणि युद्ध चालवण्याच्या पद्धतीचा तो परिणाम होता, असं तो ठासून मांडत राहिला. आपले दोस्त ज्या सापळ्यात ढकलले गेले तो वरच्यांनी रचला होता, हे त्याला विसरायचं नव्हतं आणि इतरांना विसरू द्यायचं नव्हतं. १९९४ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ट्युलेन विद्यापीठात माय लायवर परिषद भरली. तिथे इतिहासकार होते, माजी सैनिक होते, ह्यू थॉम्पसन होता आणि रायडनहावरही होता. त्यानं सांगितलं होतं की दोस्ताच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं त्या क्षणीच आपल्याला कळलं: नुसतं माहीत असणंसुद्धा आपल्याला त्यात सामील करतं, आपण काही केलं नाही तर.

सगळा रायडनहावर मला या विचारात दिसतो. आपण रोज किती ऐकतो! कार्यालयातल्या चहाच्या वेळी, प्रवासात, लग्नघरात. कुठल्या कामात काय खाल्लं, कुणाला कसं दडपलं, कुणाचा अहवाल कसा फिरवला. ऐकतो, चुकचुकतो, सोडून देतो. आपल्याला काय करायचंय, आपण कुठे तिथे होतो? रायडनहावरही तिथे नव्हता. तो त्या सकाळी माय लायमध्ये नव्हता, त्यानं कुणाला मारलं नाही, कुणाला मरताना पाहिलं नाही. त्याच्याकडे होती ती फक्त ऐकीव माहिती. पण ऐकीव म्हणून तिला झटकायचं नाही आणि ऐकीव असूनही ती सत्य म्हणून ठोकून द्यायची नाही, या दोन्हींच्या मधला जो कष्टाचा रस्ता आहे, तो त्यानं एकट्यानं चालून दाखवला. खात्री होईपर्यंत विचारत राहायचं आणि खात्री झाली की कुणाच्याही दबावाखाली गप्प बसायचं नाही. तपास करणारा माणूस यातूनच घडतो. त्याला आधी कुणी नेमावं लागत नाही.

६ मार्च १९९८ रोजी ह्यू थॉम्पसन आणि त्याचा साथीदार लॅरी कोलबर्न यांना, तसंच मरणोत्तर त्यांचा साथीदार ग्लेन अँड्रिओटाला, लष्करानं सोल्जर्स मेडल दिलं. जीव वाचवल्याबद्दल, तीस वर्षांनी. त्यानंतर दोन महिन्यांनी, १० मे रोजी, हँडबॉल खेळताना हृदयविकाराच्या झटक्यानं रायडनहावर गेला. त्याला लष्करानं पदक दिलं नाही. पण त्याच्या मित्रांनी आणि चाहत्यांनी त्याच्या नावानं पुरस्कार सुरू केले. २००४ पासून ते सत्य बाहेर काढणाऱ्या, त्यासाठी किंमत मोजणाऱ्या माणसांना दिले जातात. त्याच्या कामाची याहून चांगली आठवण मला सुचत नाही: त्याच्यासारखी आणखी माणसं शोधून काढणं.

आता माझी एक मागणी आहे आणि ती मी हक्कानं करते आहे. हे पत्र मराठीत यायला हवं. पत्रकारिता शिकवणाऱ्या प्रत्येक विभागात ते पहिल्या आठवड्यात वाचून घ्यायला हवं, कायद्याच्या वर्गात वाचायला हवं, पोलीस प्रशिक्षणात तर हवंच हवं. एकेका वाक्याजवळ थांबून विद्यार्थ्यांना विचारायचं: हे याला कुणी सांगितलं? सांगणाऱ्यानं पाहिलं होतं का? हे चूक असेल तर कळणार कसं? आणि तिन्हींची उत्तरं त्या पत्रातच सापडतात, हे त्यांचं त्यांना शोधू द्यायचं. बावीस वर्षांच्या एका सैनिकानं हे करून ठेवलं आहे. आपल्याकडच्या बावीस वर्षांच्या मुलामुलींच्या हातात ते पडू द्या, आणि मग बघा ती काय काय शोधून काढतात!